पंगतीत पसरलेला पाय

माझ्या थोरल्या मुलीचा उजवा गुडघा खेळात गेला, असं मी चाळीस वर्षं सांगत आलो. गंजातल्या बाजारात सांगितलं, पाहुण्यारावळ्यांत सांगितलं, तिला बघायला आलेल्या लोकांना सांगितलं. खेळवणाऱ्या सरांच्या हलगर्जीपणामुळे गेला, असंही सांगितलं. सगळ्यांनी ते खरं मानलं, कारण मी बाप होतो आणि तेव्हा तिथं हजर होतो. हजर होतो एवढं खरं आहे. बाकीचं खरं नाही.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता तेव्हाची ही गोष्ट. दुकानांच्या पाट्यांवरचं 'जि. उस्मानाबाद' पांढऱ्या रंगानं पुसून त्यावर 'जि. लातूर' लिहायला पेंटर पुरत नव्हते. ज्याला त्याला वाटायचं, आता आपल्या गावाचं नाव वेगळं निघणार. आणि त्याच सुमाराला पावसानं दगा दिला. माझी गंजात आडत होती. तुरीची आवक आटली, हमाल रिकाम्या बारदान्यावर बसून पत्ते खेळायला लागले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला दुपारी करायला काही काम उरलं नाही. मी मुलीच्या खेळात एवढा गुंतलो त्याचं खरं कारण हे रिकामपण आहे. लोक त्याला पुढारलेपण म्हणाले आणि मी म्हणू दिलं.

मुलगी कॉलेजात गेली तेव्हा माझ्या डोक्याच्या वर गेली होती. आमच्या घरात एवढं उंच कोणीच नाही. तिची आई म्हणायची, "हिला नवरा बघायला शिडी घेऊन फिरावं लागंल तुमाला." घरात हसायचे सगळे. मी पण हसायचो, आणि मग झोप यायची नाही.

कॉलेजातले खेळाचे सर एकदा दुकानात आले. नांदेडकडचा माणूस, तिशीच्या आतबाहेर, अंगानं काडी. नोकरी अजून कायम झालेली नव्हती. गादीच्या कोपऱ्यावर संकोचून बसले आणि म्हणाले, "अप्पा, तुमच्या मुलीला बास्केटबॉलच्या टीमसाठी मागायला आलोय."

"मागायला आलेत म्हणं," मी मुनीमाकडं बघून म्हणालो. "सर, मागणी घालायला येताना बाईमाणूस सोबत आणावं."

मुनीम खो खो हसला. सरांचे कान लाल झाले, पण ते उठले नाहीत. नव्या जिल्ह्याच्या कॉलेजातून मुलींची टीम जायलाच पाहिजे, तुमची मुलगी रिंगखाली नुसती उभी राहिली तरी अर्धं काम होतं, असं काय काय बोलत राहिले. मुलगी डबा घेऊन आली होती. ती पोत्यांच्या थप्पीला टेकून ऐकत होती.

मी अटी घातल्या. पोरी अर्ध्या चड्डीत खेळणार नाहीत, घोट्यापर्यंत पँट पाहिजे. परगावी जाताना मी सोबत येणार. सरांनी दोन्ही लगेच कबूल केल्या. उलट खूश झाले. एक बाप सोबत आहे म्हटल्यावर बाकीचे बापही पोरी पाठवतील, हा त्यांचा हिशेब होता, आणि तो बरोबर निघाला.

मग मी म्हणालो, "आणि पोरीला लागलं, पाय मुरगळला, काही मोडलं, की त्या दिवसापासून खेळ बंद. मला तिचं लग्न करायचंय. बघायला येणारे चालून दाखवायला लावतात, सर. लंगडी पोर मी कोणाच्या गळ्यात बांधू?"

"अप्पा, खेळात लागतंच थोडंफार."

"मग नको."

तेवढ्यात थप्पीजवळून आवाज आला. "लागणार न्हाई अप्पा."

मी मागं वळून बघितलं. तिनं डब्याची कडी घट्ट धरली होती. "मी सांगते न्हवं, मला लागणार न्हाई."

तो शब्द तिनं पाळला. लागायचं ते लागलंच, फक्त मला कधी कळू दिलं नाही. पुढचं सगळं त्या एका वाक्यातून निघालं, आणि ते वाक्य तिच्या तोंडून मी काढून घेतलं होतं.

पँटी शिवल्या कॅप्टनच्या वडिलांनी. कॅप्टन म्हणजे बाजारातल्या एका मुसलमान शिंप्याची मुलगी, बुटकी, चपळ, आणि तोंडानं अशी की मोठमोठे गप्प बसावेत. तिच्या वडिलांनी सगळ्यांना गडद निळ्या, ढगळ, घोट्याला इलास्टिकच्या पँटी शिवून दिल्या. बाहेरगावी गेलो की दुसऱ्या टीमच्या मुली आम्हाला 'पायजमा पार्टी' म्हणायच्या. कॅप्टन उलट ओरडायची, "हाव, पायजमाच हाय. तुमाला हरवून वर वाळत घालणार!" आणि मग आम्ही हरायचो.

पहिल्या हंगामात आम्ही सगळीकडे हरलो. औरंगाबादेला हरलो, परभणीला हरलो, नांदेडला तर एवढे हरलो की शेवटी समोरच्या टीमनं बसलेल्या पोरी खेळायला उतरवल्या. परतीच्या एसटीत कोणी बोलायचं नाही. मी पुढच्या बाकावर बसून शेंगांची पुडी मागं सरकवायचो. लोह्यापर्यंत पुडी तशीच राहायची, अहमदपूर आलं की कोणीतरी पहिली शेंग फोडायचं, आणि मग हळूहळू सगळ्या बोलायला लागायच्या. पोरी सगळ्याच मला अप्पा म्हणायच्या. मला ते फार आवडायचं. घरात मला कोणी एवढं विचारत नव्हतं.

आमचं मैदान मुरमाचं होतं. आधी संध्याकाळी त्यावर पाणी मारून रोलर फिरवायचे, म्हणजे माती बसायची. दुष्काळात प्यायलाच पाणी नव्हतं, मैदानावर कोण मारणार? वरची माती वाऱ्यानं उडून गेली आणि खाली नुसती खडी उघडी पडली. चुन्याच्या फक्कीनं आखलेल्या रेषा तासाभरात दिसेनाशा व्हायच्या. त्या खडीवर पोरी पळायच्या, उडी मारायच्या, खाली यायच्या. कोणाचे तळवे सोलायचे, कोणाचं कोपर. पण पायाला काय होतंय ते कोणालाच दिसायचं नाही. निळ्या पँटी घोट्यापर्यंत होत्या.

मला दिसलं नाही असं मी म्हणतो खरं. पण दिसलं होतं. एकदा तिचं बोट सुजून वांग्यासारखं झालं होतं. ती म्हणाली, दारात चेमटलं. एकदा ओढणीला रक्त होतं, म्हणाली उन्हानं घोळणा फुटला. मी दोन्ही खरं मानलं. बापानं खोटं मानायचं ठरवलं तर त्याला काहीतरी करावं लागतं. मला काही करायचं नव्हतं, मला एसटीच्या पुढच्या बाकावर बसायचं होतं.

दुसऱ्या वर्षी टीम जमली. दिवाळी झाली त्या सुमाराला मी एका दुःखाच्या घरी जळकोटला गेलो होतो. परत आलो तर मुलगी बाजेवर बसलेली, पाय लांब करून. "काय झालं?" म्हणालो. म्हणाली, "मुंग्या आल्यात." तिची आई चुलीकडं तोंड करून होती, वळली नाही. नंतर मला कळलं, त्या दुपारी रिंगखाली उडी मारून ती दुसरीच्या पायावर उतरली होती आणि कॅप्टननं तिला सायकलवर बसवून मागच्या दारानं घरी आणलं होतं. आईला माहीत होतं, कॅप्टनला माहीत होतं, टीममधल्या सगळ्या पोरींना माहीत होतं. माहीत नव्हतं ते सरांना आणि मला. सरांना अशासाठी नाही की ते मला सांगतील.

थोड्या दिवसांनी बाजारात कॅप्टनचे वडील भेटले. मशीनवरून मान वर करून म्हणाले, "अप्पा, तुमच्या लेकीचा एक पाय जाडा झाला की काय? उजवा पाय ढिला करून द्या म्हणून पँट परत आली."

"पोरींचे नखरे," मी म्हणालो.

"हाव, नखरेच," ते म्हणाले आणि मशीन चालू केली.

आम्ही जिंकायला लागलो होतो. आता गंजात माणसं मला थांबवून विचारायची, "अप्पा, काय झालं ओ परवाच्याला?" आणि मी जसा काही मीच रिंगखाली उडी मारली होती तसा सांगायचो. मुलगी रिंगखाली उभी राहायची. पूर्वीसारखी पळत नव्हती, पण चेंडू तिच्या हातातून सुटायचा नाही. सर तिला विचारायचे. मी स्वतः ऐकलं आहे. "गुडघ्याचं काही आहे का गं? उजवीकडं वळताना अडखळतेस तू." ती माझ्याकडं बघून म्हणायची, "काई नाही सर." ती माझ्याकडं कशाला बघते, असा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

मग नांदेडच्या स्पर्धा आल्या. त्या जिंकल्या तर आमच्या पोरींतल्या काही जणी विद्यापीठाच्या संघात जाणार होत्या, आणि तिचं नाव त्यात नक्की होतं, असं सर म्हणत होते. एका शाळेच्या खोल्यांत उतरलो. पहिले सामने झाले, आम्ही जिंकलो, फायनल दुसऱ्या दिवशी. जेवणाची सोय कुठं करावी तर नांदेडात तो प्रश्न पडत नाही. गुरुद्वाऱ्याच्या लंगरात गेलो. पोरींनी ओढण्या डोक्यावर घेतल्या, मी रुमाल बांधला. लांब पट्ट्यांवर रांगेत बसलो. मी आणि सर एका रांगेत, पोरी समोर.

सगळ्या मांडी घालून बसल्या. माझ्या मुलीनं उजवा पाय लांब केला होता. ताटाच्या बाजूनं तो पाय रांगेच्या वाटेत आला होता. डाळीची बादली घेऊन आलेल्या सेवेकऱ्यानं पायाला वळसा घातला. तो वाढत पुढं गेला. मलाच लाज वाटली. आमच्या घरात अन्नासमोर पाय करणं म्हणजे काय, ते सांगायला नको. परक्याच्या देवाच्या दारात, अख्ख्या टीमसमोर, माझी मुलगी पाय पसरून बसली होती.

"मांडी घाल," मी म्हणालो.

तिला ऐकू आलं नसावं असं वाटून मोठ्यानं म्हणालो, "मांडी घाल म्हणलं! अन्नासमोर पाय पसरतेत का? हेच शिकिवलं का घरी?"

कॅप्टन म्हणाली, "अप्पा, तिला जरा—" मुलीनं तिचा हात दाबला. मी ते बघितलं.

सर म्हणाले, "राहू द्या अप्पा, थकलीय."

"थकली म्हणून रीत सोडती का?"

मुलीनं दोन्ही हातांनी गुडघा धरला आणि पाय आत ओढला. हळूहळू नाही, एकदम. तिच्या ओठांवर घाम आला. मला वाटलं, मी सगळ्यांदेखत बोललो म्हणून तिला राग आलाय. ती जेवली. सेवेकरी परत आला, त्यानं पोळी पुढं केली, तिनं ओंजळीत घेतली. ताट संपेपर्यंत तिनं मान वर केली नाही.

उठायच्या वेळी तिला उठता येईना. कॅप्टन मोठ्यानं हसायला लागली, "अगं जेवलीस किती! ओढा गं हिला!" आणि दोघीतिघींनी हसत हसत तिला काखेत धरून उभं केलं. सेवेकरीही हसला, आणि त्याला हसताना बघून मीपण. आता ते आठवलं की वाटतं, त्या पोरी माझ्यासाठी हसत होत्या. माझ्यापासून तिला लपवायला त्यांच्याकडं तेवढंच होतं.

फायनल दुसऱ्या दिवशी दुपारी होती. ती खेळली. कशी खेळली ते मी सांगू शकत नाही, कारण मी चेंडूकडं बघत होतो. सामना अर्ध्यावर आला होता, आम्ही थोडे पुढे होतो. ती रिंगखाली एकटी होती, आसपास कोणी नव्हतं, कोणी धक्का दिला नाही. चेंडू घेऊन ती वळली आणि बसली. पडली नाही, बसली. पाय वाकडा राहिला तो सरळ होईना आणि पुरता वाकेना.

पँट वर सरकेना, आत एवढी सूज होती. कॅप्टननं कात्री मागितली आणि स्वतः पँट उभी कापली. आतून चिंध्या निघाल्या. शिंप्याच्या दुकानातल्या, रंगीबेरंगी, ब्लाऊजांच्या, शर्टांच्या, एकावर एक आवळून बांधलेल्या. त्याच्या खाली हळदीचा थर, जुना आणि नवा. हळद माझ्या घरातली होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "किती दिवसांपासून आहे हे?" मी सरांकडं बघितलं, सर माझ्याकडं. कॅप्टन भिंतीकडं बघत म्हणाली, "दिवाळीपासनं."

डॉक्टर म्हणाले, गुडघ्यातली गादी फाटली आहे. तिचा तुकडा सांध्यात अडकून बसला आहे. पहिल्यांदा लागलं तेव्हाच पाय बांधून ठेवला असता तर गोष्ट वेगळी होती. आता मोठ्या गावाला न्यावं लागेल आणि तरीही सांगता येत नाही. मग ते म्हणाले, "मांडी घालून वगैरे बसली होती का हो एवढ्यात?"

कोणी उत्तर दिलं नाही. कॅप्टननं दिलं नाही, सरांनी दिलं नाही. मुलीनं डोळे मिटून घेतले होते. मी उत्तर दिलं असतं तर तिथंच सगळं संपलं असतं. मी सरांची कॉलर धरली.

"पोरीचा पाय घालवला तुमी! दिवाळीपासनं दुखतंय आन् तुमाला पत्ता न्हाई? कशाचे सर तुमी?"

दवाखान्यातली माणसं जमली. सर कॉलर सोडवत नव्हते. त्यांना म्हणता आलं असतं, मी विचारत होतो, तुमच्यासमोर विचारत होतो. म्हणता आलं असतं, पँटी तुम्ही घालायला लावल्या. ते एवढंच म्हणाले, "चूक झाली अप्पा. माझं लक्ष पाहिजे होतं."

हे त्यांनी मनापासून म्हटलं होतं. हे मला फार उशिरा कळलं.

लातूरला आल्यावर मी तेच सांगितलं जे दवाखान्यात बोललो होतो. सोबत जाणारा बापच म्हणतोय म्हटल्यावर बाकीच्या बापांनी आठवड्याभरात पोरी काढून घेतल्या. टीम मोडली. कॅप्टनचं त्याच उन्हाळ्यात उदगीरला लग्न लावून दिलं. सरांना पुढच्या वर्षी कॉलेजानं घेतलं नाही. किनवटकडं एका आश्रमशाळेत लागले, एवढं कानावर आलं. रिंगांचे खांब तसेच उभे राहिले. एका पंधरा ऑगस्टला त्यांना पताका बांधलेल्या मी पाहिल्या.

मुलीला सोलापूरला नेलं. ऑपरेशन झालं, गुडघा थोडा वाकडाच राहिला. बघायला लोक आले. ती साडी नेसून यायची आणि मी ज्याला भीत होतो तोच प्रश्न यायचा, "जरा चालून दाखव, बाळ." ती दारापासून खिडकीपर्यंत जायची, खिडकीपासून दारापर्यंत यायची. मी पाहुण्यांना सांगायचो, खेळात गेला हो, सरांचं लक्ष नव्हतं. पाहुणे म्हणायचे, अरेरे. एकदा ती खिडकीपाशी थांबली आणि परत आलीच नाही. तिथूनच म्हणाली, "अप्पा, ह्यांना चहा द्या आन् जाऊ द्या." त्यानंतर तिनं कोणाला चालून दाखवलं नाही. बी.एड. केलं, नांदेडला शाळेत लागली, तिथंच राहिली. घरात कार्य असलं की ती पंगतीपासून दूर खुर्चीवर बसते. तिला आता कोणी मांडी घाल म्हणत नाही.

परवा कॉलेजाच्या कार्यक्रमात त्यांनी मला स्टेजवर बोलावलं. लातुरात मुलीला पहिल्यांदा मैदानावर पाठवणारे वडील म्हणून शाल पांघरली. आजच्या टीमच्या मुली समोर बसल्या होत्या, अर्ध्या चड्डीत, गुडघ्यांना पट्टे बांधलेल्या. मी बोलणार होतो. माईक पुढं आला तेव्हा म्हणालो, "खूप शिका, खूप खेळा," आणि बसलो.

शाल घेऊन मी घरी गेलो नाही, मुलीकडं नांदेडला गेलो. तिला म्हणालो, "मला किनवटला जायचंय. सरांना सांगायचंय."

ती म्हणाली, "सर गेले अप्पा. बरीच वर्षं झाली."

"तुला कसं ठाऊक?"

"मला पत्ता होता त्यांचा." एवढंच म्हणाली. पुढं मी विचारलं नाही.

तरी गेलो. सरांच्या बायको आहेत, मुलाकडं राहतात. रेल्वेनं गेलो, एकटाच. मुलगी म्हणाली, तुमचं तुम्ही बघा. बाईंना मी फक्त लातूरचा म्हणून सांगितलं, खेळाच्या टीमसोबत असायचो म्हणालो. त्यांना एवढा आनंद झाला की त्यांनी सुनेला हाक मारली, "अगं, ह्यांच्या लातूरच्या टीममधले आलेत." चहा ठेवला. मग आपणहून बोलायला लागल्या. आश्रमशाळेत सरांनी शेवटपर्यंत मुलींना खेळवलं. रानातल्या पोरी, चपळ. पण त्यांची एक पद्धत होती, बाई म्हणाल्या. रोज खेळ सुरू करायच्या आधी मुलींना एका ओळीत उभं करायचे आणि पँट गुडघ्याच्या वर सरकवायला लावायचे. प्रत्येकीच्या पुढं खाली बसून दोन्ही गुडघे बघायचे. सूज आहे का, दुखतंय का. जिचा दुखतो तिला त्या दिवशी शिट्टी वाजवायला द्यायचे. लोक नावं ठेवायचे, बाईंनाही आधी बरं वाटायचं नाही. त्यांनी एकदा विचारलं तेव्हा सर म्हणाले होते, "लातूरला एका मुलीचा पाय माझ्यामुळे गेला."

बाईंनी हे कौतुकानं सांगितलं. नवरा किती जपणारा होता, हे त्यांना मला दाखवायचं होतं. मी कप हातात धरून बसलो होतो. तेव्हा सांगायचं होतं. त्यासाठीच मी तिथवर गेलो होतो. एक वाक्य पुरलं असतं, की त्यांच्यामुळे नाही गेला, त्यांनी विचारलं होतं, मीच तिला बोलू दिलं नाही. बाई म्हणाल्या, "तुम्ही होता का हो तेव्हा?"

मी म्हणालो, "होतो. फार चांगले होते सर."

आणि चहा पिऊन उठलो.

स्टेशनवर मुलगी घ्यायला आली होती. ऑटोत चढताना ती आधी डावा पाय वर ठेवते, मग दोन्ही हातांनी उजवा उचलून घेते. मी तिच्याशेजारी बसलो.

"सांगितलं?"

"न्हाई."

ती बाहेर बघत म्हणाली, "लंगरातच अडकलं होतं ते. मांडी घातली तेव्हाच. पहाटेपर्यंत सरळ झालं नाही. कॅप्टन चोळत बसली होती."

"मग सामन्याला कामून उतरलीस, बाई?"

"तुम्ही पुढं येऊन बसला होता न्हवं."

ती पुढं म्हणाली, "दिवाळीत सांगितलं असतं तर तुम्ही बंदच केला असता. ते तीन-चार महिने मिळाले नसते मला. तेवढेच खेळले मी नीट." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "लिहून काढा अप्पा. तोंडानं तुमच्याच्यानं होणार नाही. मी बोलले नाही तेही लिहा. पण सरांचं आधी."

म्हणून लिहिलं, आणि किनवटला पाठवतोय. बाईंना आता कमी दिसतं, त्यांची सून वाचून दाखवील. पहिली काही वाक्यं वाचून ती थांबेल, सासूकडं बघेल, पुढं वाचू की नको विचारील. तिथवरच मला दिसतं. बाई काय म्हणतील ते दिसत नाही. आणि ज्याला हे कळायला पाहिजे होतं, तो माणूस रानातल्या पोरींचे गुडघे तपासत, माझी चूक आपली समजून गेला.